मंद आचेवरची पोकळी

सुट्टीच्या दिवशी, दुपारचे तीन-चार तास मोकळे असतील तेव्हा हे करायला घ्या. आपण व्हिएतनामच्या हनोईतला एक गोड पदार्थ करणार आहोत. त्याचं नाव बान्ह रान लुक लाक. चिकट तांदळाच्या पिठाची पारी, आत मूगडाळीच्या सारणाची गोळी, बाहेरून तीळ, आणि मग तळण. नीट जमलेला गोळा कानाशी धरून हलवला की आतली गोळी पारीवर आपटते आणि टकटक ऐकू येते. सारण पारीला चिकटलेलं नसतं. दोघांच्या मधे रिकामी जागा असते.

ही जागा कुणी कोरत नाही. सारण भरताना ती नसते. ती कढईत तयार होते, आणि आच मंद असेल तरच होते. पदार्थ करता करता आज आपण तिच्याकडे लक्ष देणार आहोत.

एकेक भाग वाचा, तेवढं काम करा, आणि जिथे थांबायला सांगितलं आहे तिथे खरोखर थांबा. आज तळायचं नसेल तर हे सगळं मनात करा. आपण ओट्यापाशी उभे आहोत, एवढं डोळ्यांसमोर आणलंत तरी पुरे.

डाळ

सकाळीच १२० ग्रॅम मूगडाळ काढून ठेवा. साल काढलेली, पिवळी, आपल्या खिचडीतली असते तीच. दोन-तीन पाण्यांतून धुवा. पहिलं पाणी पांढुरकं येतं, तिसरं जवळजवळ स्वच्छ. मग डाळीच्या वर चार बोटं येईल एवढं पाणी घाला आणि तीन तास तिच्याकडे जाऊ नका.

व्हिएतनाममध्ये ही डाळ सणाचीही आहे आणि रोजचीही. तेतला, म्हणजे त्यांच्या चांद्र नववर्षाला, उत्तरेत पानात बांधलेला चौकोनी बान्ह चुंग करतात. त्यात चिकट तांदळाच्या मधे मांसाबरोबर हिचा थर असतो. सकाळी रस्त्यावर मिळणाऱ्या सोय नावाच्या वाफवलेल्या भातावर ही असते, आणि चे नावाच्या गोड, पातळ पदार्थातही. देश दूरचा, पण डाळ आपल्या डब्यातली. अनोळखी पदार्थ करताना पहिला हात ओळखीच्या वस्तूला लागला, की मन लवकर स्थिर होतं.

तीन तासांनी एक दाणा घ्या आणि नखाने मधोमध तोडा. आत पांढरा कोरडा ठिपका दिसला तर अजून वेळ आहे. आरपार एकसारखा पिवळा रंग दिसला तर डाळ भिजली. पाणी दाण्याच्या मध्यापर्यंत स्वतःच्या चालीने पोचतं. आपण भांड्यापाशी उभे राहिलो काय आणि नाही काय, त्याची चाल बदलत नाही.

इथे थांबा. आज तुमच्या हातात असलेलं असं एखादं काम आठवा, ज्याला आता तुमच्या ढवळण्याची गरज नाही. त्याला त्याचा वेळ लागू द्या. तो दाणा चिमटीत असू दे आणि चार-पाच श्वास तसेच बसा.

सारण

डाळ निथळून घ्या आणि मोदकपात्रात किंवा चाळणीवर कापड टाकून वाफवा. पाण्यात शिजवू नका. पाण्यात शिजलेली डाळ पाणी धरून ठेवते आणि ते पाणी पुढे तेलात त्रास देतं. वीस-पंचवीस मिनिटांत दाणा बोटांत सहज चुरडला जाईल. गरम आहे तोवरच पुरणयंत्रातून काढा किंवा डावाने चांगली घोटा. कणी राहता कामा नये.

आता जाड बुडाच्या भांड्यात ही डाळ, ६० ग्रॅम साखर, ४० ग्रॅम खवलेलं खोबरं आणि चिमूटभर मीठ घाला. मंद आचेवर परतत राहा. साखर विरघळली की सारण सैल होईल. घाबरू नका. परतत राहिलं की ते भांड्याची कड सोडतं आणि एकत्र येतं. उत्तर व्हिएतनाममध्ये या टप्प्यावर पपनसाच्या फुलांच्या अर्काचे थेंब घालायची रीत आहे. तो मिळाला तर उत्तम, नसेल तर काहीच घालू नका. डाळीला आणि खोबऱ्याला स्वतःचा वास आहे.

सारण गार झालं की पंधरा-पंधरा ग्रॅमच्या गोळ्या करा. साधारण वीस होतील. एक गोळी तळहातावर ठेवून नीट बघा. तिच्यावर केसाएवढी भेग असेल. अंगठ्याला जरासं पाणी लावून ती भेग मिटवा आणि गोळी पुन्हा एकदा तळहातांमधे फिरवा. पृष्ठभाग गुळगुळीत झाला पाहिजे. खरबरीत गोळी पारीला धरून बसते आणि गुळगुळीत गोळी पारीतून सुटते. पुढे जी रिकामी जागा होणार आहे, तिची अर्धी तयारी या क्षणी तुमच्या अंगठ्याखाली होते आहे.

वीसच्या वीस गोळ्या अशा करा. बाराव्या-तेराव्या गोळीपाशी मन पुढे पळायला लागेल. पुढचं पीठ, तेल, संध्याकाळचा चहा असं काहीबाही आठवेल. त्याला रागावू नका. डोळे गोळीवर आणा. भेग दिसते का, तेवढंच पाहा.

पीठ

पीठ मात्र आपल्या डब्यातलं चालणार नाही. ते का, हे समजून घेण्यासारखं आहे.

तांदळातल्या पिष्टात दोन घटक असतात, ॲमिलोज आणि ॲमिलोपेक्टिन. रोजच्या भाताच्या तांदळात जातीनुसार साधारण १५ ते ३० टक्के ॲमिलोज असतं. चिकट तांदळात ते जवळपास नसतं. हा फरक एका जनुकातल्या बदलामुळे पडला, आणि तो गुण पूर्वेकडच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या बियाणं निवडून जपला. ॲमिलोज असलेलं पीठ शिजलं की आकार धरतं. म्हणून मोदकाची उकड उभी राहते आणि कळ्या टिकतात. ॲमिलोज नसलेलं पीठ शिजलं की ताणलं जातं. आतून वाफेने ढकललं तर ते तुटत नाही, पातळ होत होत फुगतं. आपल्याला आज तेच हवं आहे.

हे पीठ मोठ्या शहरांत पूर्वेकडच्या जिनसा ठेवणाऱ्या दुकानांत चिकट तांदळाचं पीठ म्हणून मिळतं. आसामचा बोरा तांदूळ याच प्रकारातला आहे. तो मिळाला तर भिजवून, वाळवून, दळून पीठ घरी करता येतं. नावात चिकटपणा असला तरी यात गव्हातलं ग्लुटेन नसतं.

२५० ग्रॅम हे पीठ, ३० ग्रॅम साधं तांदळाचं पीठ, १०० ग्रॅम उकडून अगदी बारीक कुस्करलेला बटाटा, ७० ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ परातीत घ्या. बटाट्याने पारी हलकी होते, साध्या पिठाने कुरकुरीत राहते. साखरेने रंग येतो. साखर वाढवायचा मोह होईल, पण तो आवरा. जास्त साखरेची पारी आत शिजायच्या आधीच बाहेरून काळपट होते.

कोमट पाणी थोडं थोडं घालत मळा. दीडशे मिलिलिटरच्या आसपास लागेल. बटाट्यात किती ओल आहे त्यावर कमी-जास्त होईल, म्हणून मापापेक्षा हाताचं ऐका. गोळा मऊ हवा, हाताला न चिकटणारा, आणि दाबल्यावर कडेला चिरा न पडणारा. ओल्या फडक्याखाली झाकून तासभर तरी ठेवा.

इथे पुन्हा थांबा. परात झाकलेली आहे. आत प्रत्येक कणात पाणी जिरतं आहे. तासाभराने तुम्ही फडकं काढाल तेव्हा काहीही न करता पीठ आधीपेक्षा नरम आणि एकजीव झालेलं असेल. मळताना जे साधलं नाही ते विसाव्यात साधतं. आपण दिवसभरात कामं करतो, पण ती मुरायला वेळ देतो का? एखादं बोलणं, एखादं पुस्तक, एखादं दुःख. पुढचं काम हातात घ्यायच्या आधी मागचं जरा झाकून ठेवायची सवय किती उपयोगाची आहे, याचा विचार या तासात करा. मोबाइल दुसऱ्या खोलीत असू दे.

पारी

पिठाचे तीस-तीस ग्रॅमचे वीस भाग करा. एक भाग घेऊन तळहातावर वाटीसारखा पसरा. कडा मध्यापेक्षा जरा पातळ ठेवा, कारण त्या वर येऊन एकमेकींवर बसणार आहेत. सारणाची गोळी मधे ठेवा. आता पारी सारणावर दाबून बसवू नका. ती फक्त भोवतीने वर आणा. तोंड मात्र पक्कं मिटवा. जोड दिसेनासा होईपर्यंत बोटांनी चोळा आणि गोळा हलक्या हाताने वळा.

दोन गोष्टी एकाच वेळी करायच्या आहेत. तोंड घट्ट आणि अंग सैल. सुरुवातीला हाताला हे कळत नाही. काळजीपोटी आपण सगळीकडेच दाबतो. दाबलेली पारी सारणाला धरते आणि मग फुगताना तिला सुटता येत नाही.

या भागात मला सगळ्यात जास्त रेंगाळायचं आहे. आपल्या जवळच्या माणसांभोवतीही आपण अशी पारी असतो. मूल असेल, म्हातारे आई-वडील असतील, जोडीदार असेल. त्यांना जपायचं असतं, बाहेरच्या उन्हा-तेलापासून राखायचं असतं. ती इच्छा खरी आहे आणि तिच्यात काही चूक नाही. पण जपणं आणि चिकटणं हातांना सारखंच वाटतं. मुलाने काय वाचावं, आईने औषध कधी घ्यावं, नवऱ्याने फोनवर कुणाशी किती बोलावं, अशा प्रत्येक ठिकाणी आपलं बोट दाबलेलं असतं. जिथे तोंड मिटायला हवं, म्हणजे जिथे खरा आधार लागतो, तिथलं लक्ष मात्र कधी कधी सुटलेलं असतं.

हातातला गोळा वळता वळता असं एक माणूस मनात आणा. एकच. त्याच्याबाबतीत तुमचं बोट कुठे विनाकारण दाबलेलं आहे? आणि जोड कुठे कच्चा राहिला आहे? उत्तर लगेच यायला हवं असं नाही. प्रश्न गोळ्याबरोबर फिरू द्या. वीस गोळे वळायचे आहेत, तेवढा वेळ आहे.

तीळ

ताटात १०० ग्रॅम पांढरे तीळ पसरा, कच्चेच. भाजलेले घेऊ नका. तेलात ते भाजले जाणारच आहेत, आधीच भाजले तर कडवट होतील. गोळ्याला ओला हात लावून तो तिळांवर घोळवा. मग तळहातांमधे घेऊन हलकेच फिरवा, म्हणजे तीळ पारीत रुततील. सुटे राहिलेले तीळ कढईत गळून जळतात आणि तेल गढूळ करतात.

आता ताटात वीस गोळे आहेत. एकेकावर शेकडो तीळ, प्रत्येक तीळ आपापल्या जागी. क्षणभर पाहा आणि पुढे चला.

तेल

गोळे पूर्ण बुडतील एवढं तेल कढईत घ्या. ओतताना घाई करू नका, त्याची धार पाहा. एवढं तेल एका वेळी एका कढईत असणं ही प्रत्येक घरात, प्रत्येक काळात सहज असलेली गोष्ट नाही.

व्हिएतनामने १९८६ साली दोई मोई नावाचं आर्थिक सुधारणांचं धोरण स्वीकारलं. त्याआधीच्या वर्षांत तांदूळ, साखर, मांस कुपनांवर मिळायचं, तेही रांगेत उभं राहून. मांसाचं कुपन हाती आलं की लोक चरबीचा तुकडा मागून घ्यायचे, कारण ती वितळवून ठेवली की घराला बरेच दिवस तळणा-परतण्याला पुरायची. आपल्याकडे ज्या पिढीने साखरेसाठी आणि रॉकेलसाठी रेशनच्या दुकानापुढे रांगा लावल्या, तिला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. गोड तळण हा त्या काळात चैनीचा नव्हे, मोठ्या मनाचा भाग होता. घरात होतं ते एका कढईत ओतायचं आणि सगळ्यांना पुरवायचं.

तेल तापायच्या आधी त्या न पाहिलेल्या घरांची आणि आपल्या आजी-पणजींच्या घरांची आठवण काढा. कृतज्ञतेसाठी शब्दच हवेत असं नाही. तेल वाया जाणार नाही एवढी काळजी घेतली तरी पुष्कळ.

एक गोष्ट मन घट्ट करून ऐका. हा पदार्थ आच चुकली तर फुटतो. आत कोंडलेली वाफ पारी फाडते आणि गरम तेल उडतं. म्हणून जोड तपासा, सारण कोरडं आहे ना ते पाहा, लहान मुलांना ओट्यापासून लांब ठेवा, कढईवर तोंड नेऊ नका आणि जाळीचं झाकण हाताशी ठेवा. सावधपणा हाही मननाचाच भाग आहे. जो तेलासमोर उभा आहे, त्याचं चित्त तेलासमोरच हवं.

आच

तेल १३० ते १४० अंश सेल्सिअसच्या मधे हवं. तापमापक नसेल तर लाकडी काडीचं टोक तेलात बुडवा. तिच्याभोवती बारीक बुडबुडे सावकाश यायला लागले, की तेल तयार आहे. बुडबुडे भराभर आले तर तेल जास्त तापलं आहे. गॅस बंद करून थांबा.

पाच-सहा गोळे कडेने अलगद सोडा. ते तळाशी जातील. आता तीन-चार मिनिटं काहीच घडत नाही असं वाटेल. हा मोठ्या परीक्षेचा वेळ आहे. हात आपोआप गॅसच्या बटणाकडे जाईल. जाऊ देऊ नका. झाऱ्याने तळ हलकेच हलवत राहा, म्हणजे गोळे बुडाला चिकटणार नाहीत.

दिसत नसलं तरी आत बरंच चाललेलं असतं. ऊब पारीत शिरते आहे. पिष्ट शिजून लवचिक होतं आहे. मग पारीतल्या पाण्याची वाफ व्हायला लागते आणि ती बाहेर जायला वाट शोधते. पारी लवचिक झालेली असल्यामुळे ती वाफेपुढे मागे सरते, ताणली जाते, मोठी होते. सारण आधीच शिजलेलं आणि सुकलेलं आहे. ते आपल्या आकारात राहतं. पारी वाढली आणि सारण तेवढंच राहिलं, की मधे जागा होते. ती हीच.

आता हेच प्रखर आचेवर होताना पाहा, मनातल्या मनात. पारीचा बाहेरचा थर क्षणात कडक होतो. रंगही सुरेख येतो, वरून बघणाऱ्याला झालंच असं वाटतं. आत मात्र पीठ अजून कच्चं आहे आणि वाफ आता कुठे सुरू होते आहे. तिला मागे सरणारी भिंत मिळत नाही. मग गोळा एक तर लहान आणि घट्ट राहतो, नाही तर फुटतो. पीठ तेच, तेल तेच, गोळाही तोच. फरक एवढाच, की आतल्याला ताणलं जायला वेळ मिळाला नाही.

गोळे एकेक करून वर येतील. ते वर आले की झाऱ्याने किंवा लांब काड्यांनी तेल एकाच दिशेने गोल ढवळत राहा. हनोईत बायका असंच करतात. तेल फिरलं की गोळेही स्वतःभोवती फिरतात आणि सगळ्या अंगाने सारखे फुगतात. ढवळणं थांबलं तर एक बाजू तेलाबाहेर राहते आणि गोळा वाकडा होतो.

पंधरा-वीस मिनिटं हे चालेल. एवढा वेळ एकच हालचाल. श्वास त्या गतीला आपोआप मिळेल, मुद्दाम मिळवू नका. नजर एका गोळ्यावर ठेवा. तो आधी होता त्याहून मोठा झाला आहे, आणि नेमका केव्हा झाला ते तुम्हाला सांगता येणार नाही. वाढ अशीच असते. पाहत असतानाही तिचा क्षण पकडता येत नाही. मुलांच्या बाबतीत सगळ्या आई-बापांना हा अनुभव आहे. आपल्या स्वतःच्या बाबतीत तो आपल्याला क्वचितच मान्य होतो. रोज उठून आपण स्वतःची उंची मोजतो आणि खिन्न होतो.

रंग सोनेरी व्हायला लागला की शेवटची दोन-तीन मिनिटं आच वाढवा, १६५-१७० अंशांपर्यंत. आता ती वाढवणं योग्य आहे. पारी ताणून झाली आहे, तिला आता कणखर व्हायचं आहे. लवकर बाहेर काढलेला गोळा गार होताना खचतो, कारण कवच सुकलेलं नसतं. मऊपणाची वेळ वेगळी, ताठ उभं राहण्याची वेळ वेगळी. मंद आच म्हणजे कायमची कमी आच नव्हे. जेव्हा जेवढी झेपते तेव्हा तेवढी.

गोळे काढून जाळीवर ठेवा. बारीक तडतड ऐकू येईल. पुढचा घाणा सोडण्याआधी तेल पुन्हा १३० अंशांवर उतरू द्या. पहिला घाणा छान झाला की दुसऱ्याला घाई होते. प्रत्येक घाण्याची सुरुवात खालूनच.

पोकळी

दहा मिनिटांनी एक गोळा उचला. तो दिसतो त्याहून हलका लागेल. कानाशी न्या आणि हलवा.

आवाज आला तर तो नीट ऐका. सारण पारीला कुठेही चिकटलेलं नाही, तरी ते सांडलेलं नाही. ते सैल आहे आणि सुरक्षितही आहे. आपल्याला वाटतं की या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. सैल सोडलं तर निसटेल, आणि निसटू नये म्हणून धरून ठेवायला हवं. तुमच्या हातातला गोळा सांगतो आहे की नांदतात.

आवाज आला नाही तरी उदास होऊ नका. चवीत काही उणं नसतं. दक्षिणेत, सायगॉन आणि मेकाँगच्या मुलखात, याच कुळातला बान्ह काम होतो. त्यात सारण पारीला धरून असलं तरी कुणाची तक्रार नसते. त्यावर साखरेच्या पाकाचा तांबूस थर देतात. त्याच पिठाची सारणाशिवाय कडी केली की ती बान्ह कोंग. दोन्ही एकाच टोपलीत शेजारी शेजारी विकायला असतात. उत्तरेत काही जण गोळे तिळात न घोळवता तळतात आणि उसाच्या काकवीत किंवा साखरेच्या पाकात घोळवतात. पाक सुकून पांढरा बसेपर्यंत परतत राहतात.

आणि एक पदार्थ असा आहे की त्याच्या आत नुसती पोकळीच असते. बान्ह तिएऊ. गव्हाच्या पिठाचा, आंबवलेला, तीळ लावून लाटलेला. तो तेलात टम्म फुगतो. दक्षिणेत त्याला चीर देऊन आत चिकट भात किंवा बान्ह बो नावाचा जाळीदार गोड पदार्थ भरतात. म्हणजे एकाची रिकामी जागा दुसऱ्याच्या मुक्कामाला येते. गोळा हातात धरून याचाही विचार करा. तुमच्या दिवसात अशी कोणती रिकामी जागा आहे, जिथे कुणी येऊन बसू शकेल? की सगळा दिवस काठोकाठ भरलेला आहे?

उत्तर काहीही असो, ते स्वतःपाशी प्रामाणिकपणे उच्चारा. आज एवढंच पुरेसं आहे.

वाटप

या गोळ्यांत अंडं नाही, दूध नाही, मांस नाही. व्हिएतनाममध्ये पुष्कळ लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात. तेलात तळले असतील तर हे गोळे त्या दिवशीही चालतात. घराघरांत पूर्वजांसाठी एक जागा असते. तिथे खाण्याच्या गोष्टी आधी ठेवतात, उदबत्ती लावतात, आणि मग सगळे मिळून खातात. नैवेद्य दाखवून जेवणाऱ्या घरांना ही रीत आपलीच वाटेल. तुमच्याकडे जशी पद्धत असेल तसं करा. पहिला गोळा आपल्या तोंडात जाण्याआधी दुसऱ्या कुणासाठी बाजूला काढला, एवढं झालं तरी बस.

हनोईच्या जुन्या भागात आसपासच्या खेड्यांतून आलेल्या बायका खांद्यावर कावड घेऊन खाण्याचे पदार्थ विकत फिरतात. कावडीच्या दोन टोकांना दोन टोपल्या, आणि चालताना दोन्हींचा तोल. पहाटे उठून केलेलं त्या दिवशी संपवायचं असतं, कारण या पदार्थाला उद्या नाही. संध्याकाळपर्यंत पारी कुरकुरीत असते. रात्र उलटली की ती वातड होते. हा त्याचा स्वभाव आहे.

म्हणून आता एक गोळा फोडा. पारीचा तुकडा आधी खा, मग सारण. तीळ आधी लागेल, मग पारीचा चिवट गोडवा, शेवटी डाळ आणि खोबरं. सावकाश खा. एक पुरे होईल, फार तर दोन. बाकीचे ताटलीत काढा, वर कागद टाका आणि ते गरम आहेत तोवर शेजारी द्या, वॉचमनला द्या, खालच्या मजल्यावरच्या आजींना द्या. आवाज करून दाखवायला विसरू नका. लहान मूल घरात असेल तर आधी त्याच्या कानाशी धरा. तेल गार झालं की गाळून झाकून ठेवा.

आणि पारी करताना मनात ज्या माणसाचं नाव आलं होतं, त्याच्याशी आज बोला. तो जवळ असेल तर गोळा हातात द्या, लांब असेल तर फोन करा. त्याला काही समजावायला जाऊ नका. कसा आहेस, एवढं विचारा, आणि तो बोलेपर्यंत थांबा.